तोंड लावून पाणी

गाव आमचं मुळशीकडचं, हिंजवडीच्या जरा पुढं. आता नाव सांगितलं तर तुम्ही म्हणाल, अरे तिथं तर आमचा भाचा राहतो, विसाव्या मजल्यावर, गॅलरीतनं डोंगर दिसतो. तर तेच. माझ्या लहानपणी तिथं भाताची खाचरं होती आणि एक कौलारू शाळा होती, आणि त्या शाळेत माझी आई कामाला होती. शिपाई म्हणा, मावशी म्हणा, काय म्हणाल ते. झाडलोट करायची, घंटा द्यायची, आणि मुख्य काम म्हणजे पाणी. विहिरीवरनं पाणी आणायचं, व्हरांड्यात रांजण होते ते भरायचे आणि मधल्या सुट्टीत पोरांना प्यायला द्यायचं. आता ह्या पाण्याचं तुम्हाला नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. रांजणावर तांब्या एकच, आणि शाळेत पोरं सगळ्या घरची. कोण कुणाचं उष्टं पितं, कोण कुणाच्या हातचं पीत नाय, ह्याच्यावरनं तेव्हा मोठी माणसं शाळेत भांडायला यायची. आईनं नियम केला, तांब्याला तोंड कुणीच लावायचं नाय. मोठ्या घरच्या पोरानं नाय आणि गावाबाहेरच्या पोरानंपण नाय. मान वर करायची, तांब्या वीतभर उंच धरायचा आणि धार सरळ घशात सोडायची. तोंड लागलं की पाठीत धपाटा. तांब्या कुणाचाच उष्टा नाय म्हणल्यावर माणसं भांडणार कशावरनं? आमच्या गावातली सगळी पोरं अशी वरनं पाणी प्यायला शिकली, आणि आजपण कुणी पन्नाशीचा माणूस रस्त्यात भेटला की म्हणतो, आक्का, तुमचा धपाटा अजून आठवतो. आईला त्याचा लई अभिमान.

त्यामुळं आमच्या घरात पाण्याच्या भांड्याला तोंड लावायचं म्हणजे काय ते कुणाला ठाऊकच नव्हतं. वडील वरनं प्यायचे, मी वरनं पितो, लग्न करून आली तेव्हा बायकोपण शिकली. मी तर काय सांगू तुम्हाला, ड्रायव्हर माणूस. कंपनीची बस चालवतो, सकाळी औंध, बाणेर करत माणसं उचलायची आणि हिंजवडीला नेऊन सोडायची, संध्याकाळी तीच माणसं परत, फक्त तोंडं उतरलेली. त्या ट्रॅफिकमध्ये आमचं निम्मं आयुष्य गेलं. सिग्नलला गाडी उभी राहिली की एका हातानं बाटलीचं झाकण उघडायचं, वरनं धार लावायची, गट गट गट, आणि दिवा हिरवा व्हायच्या आत बाटली परत जागेवर. शर्टावर थेंब नाय. मागं बसलेले इंजिनिअर बघत राहायचे. त्यांच्या त्या महागाच्या बाटल्या असतात, नळी असलेल्या, चोखत बसतात बाळासारखं. मी मनात हसायचो. आता नाय हसत.

बायको माझी वाशीमकडची, वैशाली. तिचा भाऊ अमोल इथं एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला हाय, त्याच्यामुळं ओळख झाली आणि जमलं. ती पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते, तिचा हात असा चालतो की बघत राहावं. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. आई तेव्हा कधी तिला टोचून बोलली नाय, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आईची जीभ तशी कात्रीसारखी. मग आराध्या झाली. आम्ही आरू म्हणतो.

झाली त्याच दिवशी कळलं. वैशालीनं पाजायला घेतली तर पोरीला ओढताच येईना, आणि जे चार थेंब गेले ते नाकातनं बाहेर. सिस्टरनं बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. मी दारात उभा होतो, आत जाऊन मी पण वाकून बघितलं. ओठ वरनं एकदम छान, फुलासारखे, पण आत टाळूला फट. तोंडाचं आणि नाकाचं मधलं छतच जुळलेलं नाय. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हे अनेक बाळांना असतं, शिवता येतं, पण बाळ थोडं मोठं व्हावं लागेल. घाबरू नका म्हणल्यावर माणूस जास्तच घाबरतो, पण ते त्यांना कोण सांगणार.

शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं वैशालीला विचारलं, काय गं, ग्रहणात काही चिरलं होतंस का? वैशाली रडायला लागली. आई आत भाकरी थापत होती ती तशीच पिठाच्या हातानं बाहेर आली, म्हणाली, गिराणात चिरल्यानं टाळू फाटत आसती तर आख्ख्या पुण्यात एकाला धड बोलता आलं नसतं, चहा घ्या आन निघा. चहा काही कुणी घेतला नाय.

दवाखान्यातनं एक वेगळी बाटली दिली, मऊ, दाबता येणारी. बाळाला चोखता येत नाय ना, मग आपण हळूच दाबायचं, तिनं गिळायचं, थांबायचं, परत दाबायचं. बाळ सरळ बसवलेलं पाहिजे, नायतर नाकातनं येतं. आम्ही तिघंही शिकलो. सकाळी वैशाली पोळ्यांना गेली की आई, दुपारी मी घरी असलो तर मी. एका दाबण्याचा अंदाज चुकला तर पोरगी ठसकायची, निळी व्हायची, आणि आपला जीव नुसता खालीवर. पण पोरगी वाढली. अंग धरलं. बसायला लागली, रांगायला लागली, घरभर फिरायला लागली. ती बाटली म्हणजे आमच्यासाठी देव होती बघा.

आणि तीच सोडायची वेळ आली. आरू वर्षाची झाली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आता ऑपरेशन करू, तारीख देतो. मी एवढा खूश झालो की त्यांच्या पाया पडायला निघालो. ते म्हणाले, थांबा, एक अट हाय. ऑपरेशन झालं की टाळूला टाके असणार, तोंडात काही घालायचं नाय. बाटलीचं निपल नाय, नळी नाय, चमचासुद्धा आत घालायचा नाय. बाळानं वाटीतनं नायतर कपातनं ओठाला लावून प्यायला पाहिजे, आणि ते आधी शिकून यायला पाहिजे. टाके दुखत असताना नवीन काही शिकत नाय मूल. तुम्ही हे शिकवा, मग या. मी विचारलं, नाय जमलं तर? ते म्हणाले, तर तारीख पुढं जाईल, आणि बोलायला लागायच्या आत टाळू शिवलेली बरी असते, उशीर झाला की नाकातनं बोलायची सवय लागते, मग ती मोडायला त्रास होतो. आमची आरू तेव्हा नुसती आं आं करायची. मला वाटलं, कपातनं पिणं, त्यात काय एवढं. सगळं जग पितं.

तिथं दूध पाजायचं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी दाखवलं. काठ पातळ असलेली छोटी वाटी घ्यायची, बाळाला मांडीवर सरळ बसवायचं, वाटी खालच्या ओठावर टेकवायची आणि जरा कलती करायची, ओतायचं नाय, दूध ओठापर्यंत आलं की बाळ आपण होऊन घेतं. मॅडमच्या हातानं दोन घोट घेतले तिनं. आम्ही खूश होऊन घरी आलो. घरी आल्यावर एक घोट नाय. तोंड घट्ट मिटायची, नायतर हात मारून वाटी उडवायची. मग माझ्या बसमधल्या एका मॅडमनी, त्यांना हे कळलं होतं, नळीचा छान कप आणून दिला, गुलाबी, वर ससा. त्यांच्या मुलानं त्याच्यावरनं बाटली सोडली होती. मनानं चांगल्या, मी नको कसं म्हणू? दाखवून तर बघू म्हणलं. आरूनं नळी तोंडात धरली, ओढ ओढ ओढलं, गाल आत गेले, डोळ्यात पाणी आलं, पण दूध वर चढेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एअरब्रेकच्या पाइपला भोक असलं की कितीही दाबा, प्रेशर बनत नाय. टाळूला भोक हाय, ती ओढते ती हवा नाकातनं येते. आणि चढलं असतं तरी टाक्यांना चालणार नव्हतं. मी तो कप कपाटावर ठेवून दिला.

मग परत वाटी. आणि आता ऐका गंमत, गंमत म्हणजे तेव्हा रडायची पाळी होती. कुणीतरी म्हणलं, तिच्या हातात द्या, मुलांना स्वतः करायला आवडतं. म्हणून आम्ही छोटा स्टीलचा पेला आणला आणि घोटभर पाणी घालून तिच्या हातात दिला. तिनं काय करावं? दोन्ही हातानं पेला वर धरला, डोक्याच्याही वर, मान मागं टाकली, आणि सगळं पाणी तोंडावर. नाकात, डोळ्यात, कानात. ठसका लागला, लाल लाल झाली. आम्ही पाठ चोळली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी पेला दिसला की किंचाळायला लागली. आम्हाला वाटलं खोडी करते. मग वाटलं, तिला समजत नाय. वैशाली तर रात्री हळूच मला म्हणाली, डोक्यात तर काही नसेल ना हो तिच्या? मी तिच्यावर ओरडलो, पण माझ्यापण मनात तेच आलं होतं.

तारीख जवळ आली. मी गाडी चालवायचो आणि डोक्यात एकच, पेला, पेला. पुढं ऑपरेशनची तारीख आणि इथं पोरगी पाणी डोक्यावर ओतून घेते. फोन करून सांगावं का डॉक्टरांना, की पुढं ढकला? सांगितलं असतं तर मी हलका झालो असतो एक दिवस, आणि मग पोरीचं बोलणं? मी फोन काढायचो आणि परत खिशात ठेवायचो.

अशात एक दिवस अमोल आला, माझा मेहुणा. ड्युटी सुटली होती त्याची. गेटवर उभा राहून आलेला, घामाघूम, बसला आणि म्हणाला, ताई, पाणी दे वं. वैशालीनं पेला भरून दिला. आणि अमोलनं तो पेला तोंडाला लावला आणि घटघट आवाज करत पिऊन टाकला. त्यांच्याकडं पेला ज्याचा त्याचा, तोंड लावून पितात, त्यात काय. पण आमच्या आईनं असं बघितलं त्याच्याकडं, की त्याला दुसरा पेला मागवेना. मला म्हणते, हळू आवाजात पण त्याला ऐकू जाईल असं, तो पेला येगळा ठेव रं. पूर्वी दरवेळी हेच व्हायचं, आम्ही हसून सोडून द्यायचो; आरू कळती झाल्यापासनं मात्र तो पहिल्यांदाच आला होता. पण त्या दिवशी माझं लक्ष आरूकडं गेलं. ती फरशीवर बसली होती आणि मामाकडं डोळे फाडून बघत होती. रांगत रांगत गेली, त्याच्या पायाला धरून उभी राहिली आणि हात वर करून त्याच्या ओठाला बोट लावलं. मग पेल्याच्या काठाला. मग परत ओठाला. अमोल म्हणाला, काय झालं जी, अशी काऊन पाहून राह्यली थे?

वैशाली ओट्याशी उभी होती. पळी ठेवून ती पुढं आली. म्हणाली, अहो, तिनं कधी बघितलंच नाय. मी म्हणलं काय? म्हणाली, पेल्याला तोंड लावताना तिनं कुणाला बघितलंच नाय. आपण सगळे वरनं पितो. ती ओतून घेत नाय हो अंगावर. ती आपल्यासारखं पाणी पिते.

काय सांगू तुम्हाला, पोरगी खोडी करत नव्हती, तिच्या डोक्यात काही दोष नव्हता, उलट ती लई हुशार. बाप कसा पितो, आजी कशी पिते, सगळं टिपून ठेवलेलं आणि तसंच्या तसं करत होती. वीतभर उंच, मान वर. फक्त टाळू फाटलेल्या पोराला ते जमत नाय. तुम्ही म्हणाल, चहा नाय का पीत तुमच्याकडं? पितो की, दोनदा पितो. पण आरूनं एकदा चहाच्या कपाला हात घातला होता, थोडक्यात वाचली, तेव्हापासनं चहा झाला की एकजण तिला घेऊन बाहेर जायचा आणि बाकीचे आत ओट्यापाशी उभ्यानं प्यायचे. म्हणजे जे बघायला पाहिजे होतं तेवढंच नेमकं आम्ही तिच्यापासनं लपवत होतो.

मी आधी हसलो, मग रडलो, मग परत हसलो. अमोलला कळेना काय चाललंय, तो म्हणाला, भाऊजी, मी जाऊ का? म्हणलं तू कुठं जातोस, बस, अजून एक पेला पाणी पी. पोटाला तड लागेपर्यंत पाजलं त्याला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासनं घरात फर्मान काढलं, वरनं पाणी बंद. आरूसमोर सगळ्यांनी पेल्याला तोंड लावून प्यायचं, सावकाश, तिला दिसेल असं. वैशालीला काही वाटलं नाय, तिचं माहेरचंच वळण. माझी मात्र पंचाईत. चहाचा कप तोंडाला लावतो त्यात काही नाय, पण पाण्याचा पेला ओठाला टेकला की हात आपोआप वर जायचा, आणि पाणी गळ्यातनं खाली छातीवर. आरू खदखदा हसायची. चाळिशीतला माणूस पाणी प्यायला शिकतोय, आणि ज्यानं शिकायचं ते पोर टाळ्या वाजवतंय.

आणि आई. आई म्हणाली, तुमी काय करायचं ते करा, मी न्हाय. तिच्या देव्हाऱ्याच्या बाजूलाच पाण्याचा माठ, तिथं तोंड लावलेलं भांडं येणार म्हणजे तिच्या अंगावर काटाच. मी समजावलं, वैशालीनं समजावलं. आई म्हणते, पोरीसाठी मी उपाशी राहीन, पन हे मला व्हायचं न्हाय. जन्मभर पोरास्नी धपाटे घातले त्याच्यापायी, आता काय तोंड दाखवू? मग आम्ही भांडलो नाय. पाणी प्यायचं झालं की ती मोरीच्या मागं जायची, आरूला दिसणार नाय अशी, तिथं वरनं प्यायची आणि पदरानं तोंड पुसून यायची. तिच्यासाठी तेवढंच लई होतं. आमचे पेले वैशालीनं वेगळ्या फळीवर ठेवले.

आरू शिकली. पटकन नाय शिकली, पण शिकली. आधी मी प्यायचो, मग तोच पेला तिच्या खालच्या ओठाला टेकवायचो, मॅडमनी दाखवलं होतं तसं, आणि थांबायचो. ती माझ्या ओठाकडं बघायची, मग स्वतःचे ओठ पुढं करायची, चिमणीसारखे. पाण्यापासनं दुधावर, घोटापासनं पेल्यावर. नाकातनं थोडं यायचं, ते येणारच होतं, पुसायचो. पण एक झालं, समोरच्यानं आधी तोंड लावल्याशिवाय ती काही घ्यायची नाय. तो तिचा नियम. तू पी, मग मी. बाटली दुपारची सुटली, मग सकाळची, झोपायच्या वेळची सगळ्यात शेवटी. ती सुटली तेव्हा वैशालीनं बाटली उकळून, नीट फडक्यात बांधून दवाखान्यात नेऊन दिली, तिथं एक नवीन बाळ आलं होतं तसंच, त्याच्या आईच्या हातात. त्या बाईला म्हणाली, घाबरू नका. आणि मग मलाच म्हणाली, बघा, मी पण तेच म्हणाले.

ऑपरेशन त्याच तारखेला झालं. आत नेली तेव्हा माझ्या शर्टाला धरून होती, बोटं सोडवावी लागली. किती वेळ गेला मला आठवत नाय. बाहेर आणली तर डोळे सुजलेले, ओठाला जरा रक्त, आणि दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधलेल्या, हात वाकू नयेत म्हणून, नायतर बोटं तोंडात घालून टाके उसवतील. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, आता फक्त प्यायला लागू दे. सलाईन काढलं की तोंडानं जेवढं जाईल तेवढं चांगलं.

आणि पोरगी पिईना. सकाळ झाली तरी पिईना. वैशालीनं पेला तोंडाला लावून दाखवला, आरूनं मान फिरवली. मी दाखवला, डोळे मिटून घेतले. ओठाला टेकवला तर असं रडली, आवाज फाटलेला, की पलीकडच्या कॉटवरची बाई पण डोळे पुसायला लागली. दुखत होतं तिला, आणि आमच्यावरच राग होता, मीच तर तिला आत पाठवली होती. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, दुपारपर्यंत काही गेलं नाय तर परत सुई टोचावी लागेल, तिची शीर पण सापडत नाय आता. वैशाली रात्रभर जागी, ती भिंतीला टेकून नुसती बघत होती. एवढं सगळं शिकवून आणलं आणि इथं येऊन तोंडच उघडेना. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आई आली. बस बदलत बदलत एकटी आली होती, हातात डब्यात भाताची पेज, गाळून गाळून पाण्यासारखी केलेली, थंड केलेली. सिस्टरनं बघितली, चालेल म्हणाल्या. आईनं पिशवी खाली ठेवली, आरूकडं बघितलं, त्या पट्ट्या बघितल्या. मला म्हणाली, सरक. आरूचाच पेला होता, आमचे सगळ्यांचे ओठ लागलेला, काठाला तिचं रक्तसुद्धा लागलेलं असेल, तो आईनं घेतला, त्यात पेज ओतली. मला वाटलं आता तिला पाजणार. तर आईनं तो पेला स्वतःच्या ओठाला लावला.

माझी आई. शाळेतल्या पोरांना धपाटे घालणारी. तोंड लावून घोट घेतला, सावकाश, गिळला, आरूला दिसेल असा. म्हणाली, बघ गं, आज्जीनं तोंड लावलं. आरू बघतच राहिली. रडं थांबलं. तिनं आजीला असं कधी बघितलंच नव्हतं ना. आईनं आणखी एक घोट घेतला, मग पेला आरूच्या ओठाला टेकवला आणि थांबली. आणि त्या सुजलेल्या ओठांनी पोरीनं घेतलं, एवढंसं. गिळलं. तोंड वाकडं केलं, आणि परत ओठ पुढं केले. आई एक घोट, आरू एक घोट, आई एक, आरू एक, डबा निम्मा झाला. नाकातनं एक थेंब आला नाय. वैशाली तोंडावर हात घेऊन बाहेर निघून गेली. मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागलो. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, रडतोस काय, जा, तुझ्या बायकोला चहा पाज.

आता आरू चांगली पळते. टाके विरघळले, टाळू मस्त जुळलीये, तपासायला जातो तेव्हा डॉक्टर आ करायला लावतात आणि माझ्याकडं बघून हसतात. नळीनं पण प्यायला परवानगी मिळाली नंतर. मागं दवाखान्यातनं येताना मी शहाळं घेतलं, नळी घातली, म्हणलं बघू तरी. तिनं ओठात धरली, गाल आत गेले, आणि नळीतनं पाणी चढताना मला दिसलं हो, पांढरट, सरसर वर. पार तोंडात. मी शहाळेवाल्याला म्हणलं, अजून एक द्या. तो म्हणाला, पोटात दुखेल तिच्या. म्हणलं, ते मला द्या. बोलायलासुद्धा लागलीये, उच्चार शिकवणाऱ्या मॅडम येतात, क आणि ग जरा मागं राहिलेत, येतील म्हणतात. बाबा म्हणते. पेला म्हणते. नाय म्हणते, ते तर दिवसभर म्हणते.

मी बसमध्ये परत वरनंच पितो. हाताला सवय हाय, आणि सिग्नलला दुसरं जमत नाय. घरी मात्र पेला. परवा आईच्या माहेरची माणसं आली होती, माठाजवळ तांब्या ठेवलेला, आमच्या आईचा जुना, पितळेचा, त्याला आजवर कुणाचं तोंड लागलेलं नाय. आरू गेली, दोन्ही हातानं तांब्या ओढला, तोंड लावून घटाघटा प्यायली आणि सगळ्यांकडं बघत बसली, मिशी पाण्याची. पाहुणे बघायला लागले. मी उठलो, तांब्या काढून घ्यायला. आईनं माझा हात धरला. म्हणाली, राहू दे रं. लावू दे तिला तोंड. लई कष्टानं झालंय ते तोंड.

मग त्याच तांब्यातलं पाणी तिनं पाहुण्यांना दिलं. प्यायले सगळे. आता देवाकडं अजून काय मागायचं मी? ज्यांच्या घरात असं लेकरू असेल त्यांचं पण असंच होवो, एवढंच. चला, मला गाडी काढायची हाय, पाच वाजता गेटवर उभं राहावं लागतं, नायतर ती इंजिनिअर मंडळी फोन करकरून जीव खातात.